यमुनाकाकूंची सवत

आमच्या गल्लीत काहीही बुडत नसे. दिवस मावळायचा, उधारी 'गेली' म्हणायची, आणि गणपती तर नागपुरात बुडवत नाहीत, शिरवतातच, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण शाळेचं काय करायचं? शाळा सगळ्या महाराष्ट्रात बुडते. आमच्या गल्लीतली पोरं मात्र सांगायची, "आज माही शाळा हरवली." पलीकडच्या गल्लीतली पोरं यावर हसून लोळायची. मला मराठीच्या बाईंनी वर्गात उभं करून विचारलं होतं, "शाळा हरवली म्हणजे? कालपर्यंत इथंच होती ना?" निबंधात मी 'सूर्य पश्चिमेला हरवला' असं लिहिलं होतं, त्याखालची तांबड्या शाईची रेघ मला अजून दिसते. मी रडत घरी आले. आईने कणीक मळतामळताच सांगितलं, "शाळेत म्हण वं. गल्लीत नोको म्हणू. यमुनाकाकूच्या कानावर जाईन."

यमुनाकाकू आमच्या समोरच राहायच्या. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओटा, ओट्यात पुरलेलं उखळ. भिवापूरच्या मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, कांडायच्या आणि घरोघरी तिखट द्यायचं, हा त्यांचा उद्योग. त्या कांडायला बसल्या की अख्खी गल्ली शिंकायची आणि त्या एकट्या मुसळ चालवत राहायच्या. "मले नाही लागत," म्हणायच्या. "माहं नाक कवाच मेलं." हाडापेरानं मजबूत बाई. आवाज असा, की गल्लीच्या टोकाच्या चक्कीवाल्याला दळणाच्या घरघरीतही ऐकू जायचा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मूलबाळ नव्हतं. नवरा होता, पण तो बोटीवर होता.

नागपुरात समुद्र नाही. नागपूरच्या माणसाला पाण्याची भीती वाटून घ्यायची असेल तर अंबाझरीच्या तळ्यापर्यंत जावं लागतं. अशा गावातला माणूस आगबोटीवर चढलाच कसा, हे मी लहानपणी काकूंना शंभरदा विचारलं असेल, आणि त्यांनी शंभरदा सांगितलं. गणपतकाका आधी गिरणीच्या बॉयलरवर कोळसा टाकायचे. कुणा मित्राच्या नादाने मुंबईला गेले. तिथे एका माल वाहणाऱ्या बोटीला आगवाला हवा होता, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. काकांना वाटलं, आग काय, सगळीकडे सारखीच. "भट्टी पाहून चढले," काकू म्हणायच्या, "खाली पानी हाय हे मांगून समजलं."

बोटीचं नाव कुणा गोऱ्या बाईचं होतं, मार्गारेट. काका म्हणायचे मारगरीट. गल्लीने तिचं मारगिरी केलं. आणि काकूंनी तिला सरळ सवत केलं. वर्षातून एकदा महिनाभर घरी येणारा नवरा त्या महिनाभरातही तिच्याचबद्दल बोलायचा, तिला दमा झाला की याच्या जिवाला घोर लागायचा, मग दुसरं काय म्हणायचं? पण काकूंनी सवतीचा दुस्वास कधी केला नाही. उलट तिचं कूळ-मूळ, खोडी, दुखणी सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि मिरच्यांचे देठ खुडताना त्या ते आम्हा पोरींना सांगत.

"विलायतेत जन्मली माही सवत. नदीच्या काठावर, लय थंडीचा मुलूख. पयले तिचं लगन दुसऱ्या मालकाशी झालं होतं. नाव बी दुसरंच होतं. त्यानं राबवून घेतलं अन् इकून टाकली. मंग या मालकानं नाव बदललं, धुराड्याले लाल पट्टा देल्ला. पाटाची हाय बाप्पा माही सवत, पह्यल्या लग्नाची नोहे!" आणि स्वतःच खदखदून हसायच्या.

ती काय काय वाहायची तेही त्या सांगत. रंगूनहून तांदूळ. कलकत्त्याहून कोळसा. बसऱ्याहून खजूर, त्या फेरीत काकांनी आणलेल्या खजुरावर मुंग्या आल्या होत्या म्हणे. एकदा एडनहून नुसतं मीठ, आणि त्या मिठानं खलाशांचे हात फुटले. एकदा हुगळीच्या तोंडाशी ती रेतीत रुतून बसली. "म्हशीवानी बसली. हाकला, ओढा, शिव्या द्या, हालेच ना! मंग भरती आली अन् आपल्या मनानं उठली." ही गोष्ट काकूंची फार आवडती. ती सांगताना त्या मुसळ बाजूला ठेवायच्या.

पण सगळ्यात आवडती गोष्ट मँगनीजची. काकूंचं माहेर रामटेककडचं. त्यांचे वडील तिथल्या खाणीवर मँगनीज फोडायचे. काळा, वजनाला लोखंडासारखा दगड. तो गाड्यांत भरून नागपूरवरून बंदराकडे जायचा. एका फेरीला मारगिरीत तोच दगड भरला. काकांनी एक खडा हातात घेऊन पाहिला आणि ओळखला. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, तुझ्या बापानं फोडलेला दगड मी दर्यापार नेला. काकूंना याचा भारी अभिमान. "सवत कशी असो," म्हणायच्या, "माह्या माहेरचा आहेर वाहून नेला तिनं."

दुसरी जागतिक लढाई लागली तशी मारगिरीला राखेचा रंग दिला आणि इतर बोटींसोबत जथ्यानं जायचा हुकूम झाला. ती मात्र मागे पडायची. म्हातारी, त्यात दमेकरी. त्याच काळात काका शेवटचे घरी आले होते. काकूंनी विचारलं, "केवढी हाय जी थे? सांगा त खरं एकदा." काका त्यांना गल्लीत घेऊन आले. पिंपळाच्या पारापाशी उभं राहून म्हणाले, हे तिचं तोंड. मग पावलं मोजत चालत गेले ते थेट चक्कीपर्यंत. ही तिची शेपूट. मध्ये कप्तानाची खोली आमच्या घराच्या जागी आली. आणि आगवाल्यांची भट्टी आली बरोब्बर काकूंच्या ओट्याखाली. काका हसून म्हणाले, "पाह्य, मी घरीच असतो." हे सांगताना काकू दर वेळी लाजायच्या, चाळिशी उलटलेली बाई.

तेव्हापासून आमची गल्ली म्हणजे बोट. आम्ही पोरं पारावर उभं राहून भोंगा वाजवायचो. चक्कीवाल्याला 'शेपटीवाले काका' म्हटलं की तो पिठाच्या हातानं धावून यायचा. काकू ओट्यावरून ओरडायच्या, "कोळसा टाका रे! मारगिरी मांगं पडून राहिली!"

आता ते दुसरं सांगायला हवं. काका परत गेले आणि काही महिन्यांनी कंपनीचा इंग्रजी कागद आला. गल्लीत इंग्रजी येणारे एकटे आमचे आजोबा. कचेरीत कारकून होते. काकू कागद घेऊन आल्या. तेव्हा त्यांचं वय विशी-बाविशीचं असेल. आजोबांनी वाचलं. त्यात बोट 'लॉस्ट' झाली असं होतं. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "बाई, बोट हरवली आहे."

तर्जुमा चुकला नव्हता. कोशात काढून पाहिलं तर लॉस्ट म्हणजे हरवलेला, गहाळ. आजोबांना बोटींच्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो ते कळलं नाही, की कळूनही समोरच्या पोरीकडे बघून तोंडातून दुसरा शब्द निघेना, हे आमच्या घरात शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही. बाबांनी एकदा विचारलं तेव्हा ते 'माझं स्नान व्हायचंय' म्हणून उठून गेले.

काकूंनी मात्र तो शब्द पदरात बांधून घेतला. हरवली ना? मग सापडेल. शेजारची एक बाई सांत्वनाला येऊन बोलून गेली, "कसं वं, एवढी मोठी बोट बुडाली." काकूंनी तिला शांतपणे दुरुस्त केलं, "बुडाली नाही, हरवली." मग दार लावून घेतलं आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. आजोबांनी पारावर चार माणसं गोळा करून सांगितलं, की त्या पोरीच्या कानावर हा शब्द जाता कामा नये. एवढंच. ना ठराव, ना शपथ. पण तीसेक वर्षं गल्लीने ते पाळलं. आजोबा गेले, नवे भाडेकरू आले, त्यांनाही घर दाखवताना नळाची वेळ आणि हा शब्द सोबतच सांगितला जायचा.

काकूंचा दीर काटोलला राहायचा. दर वर्षी संत्र्यांचं पोतं घेऊन यायचा, भला माणूस. ओट्यावर बसून, घसा खाकरून तो एकच विषय काढायचा. "वहिनी, बारा वरसं होऊन गेले. शास्त्र हाय. पळसाच्या पानाचा मानूस कराचा, त्याले अग्नी द्याचा. दादाले वाट मोकळी होईन." ज्याचं शरीर सापडत नाही त्याचा असा पुतळा करून दहन करतात. आमच्याकडे पळसाला तोटा नाही. तो बिचारा म्हणायचा की पानं मी आणतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

"हरवलेल्या मानसाले जाळते का कोनी, भाऊजी?" काकू विचारायच्या.

दिराला उत्तर येत होतं. पण उत्तरात तो शब्द येत होता. मग तो संत्री मोजून आम्हा पोरांना वाटायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा.

बांगलादेशच्या लढाईत आमच्या घरी रेडिओभोवती सगळी गल्ली जमायची. काकूही चाळणी घेऊन उंबऱ्यात बसायच्या. एका संध्याकाळी बातम्यांत आपल्या एका युद्धनौकेला जलसमाधी मिळाल्याचं सांगितलं. बाबांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला, पण उशीर झाला होता.

"जलसमाधी म्हंजे का होय जी, भाऊ?" काकूंनी विचारलं.

बाबा शाळामास्तर. शब्दांचे अर्थ सांगणं हा त्यांचा रोजचा धंदा. ते खाली बघत म्हणाले, "म्हणजे... पाण्यात बसणं."

"साधू समाधी लावून बसते तसं?"

"हो. तसंच."

"मंग उठंन बी," काकू म्हणाल्या आणि तिखट चाळू लागल्या.

त्या गेल्यावर आई बाबांवर उखडली. "आज सांगून द्याचं होतं! एवढा चांगला मोका आला होता."

"मोका? तू सांग मग."

"मी काहून? हरवली असं तुमच्या बाबाइनं सांगतलं होतं."

"मग त्यांनाच विचार जाऊन!" बाबा ओरडले, आणि आजोबांच्या फोटोकडे बघून ओशाळले. त्या घरात माझे आई-बाप कधी इतके लहान दिसल्याचं मला आठवत नाही. दोघंही चांगली माणसं. दोघांनाही काकूंचं भलं करायचं होतं. पण समोरच्या ओट्यावरून एवढं कुंकू लावून ती बाई हसत 'पोळ्या झाल्या का वं?' विचारायची, आणि सगळं तिथेच थांबायचं.

मग इस्माईलचाचा आले. मी कॉलेजला जायला लागले होते. ताजबागेतल्या दर्ग्यात उरूस भरला होता आणि सक्करदऱ्याचे रस्ते परगावच्या माणसांनी फुलून गेले होते. एका सकाळी पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर हिरवा रुमाल टाकलेला एक म्हातारा काठी टेकत आमच्या पाराशी येऊन उभा राहिला. बराच वेळ पिंपळाकडे पाहत राहिला. मग दोन्ही बाजूंची घरं न्याहाळत हळूहळू चालत आला. काकूंचं कांडण चालू होतं. म्हातारा दोनदा शिंकला, आणि कुणालाही न विचारता बरोबर काकूंच्या ओट्यासमोर थांबला.

"गनपत आगवाल्याचं घर ह्येच," तो म्हणाला.

मुसळ थांबलं. "कोनी सांगतलं तुमाले?"

"त्यानंच दाखवलान, बाय. बोटीवर. नाळेला, म्हंजे तोंडाला पिंपळ, पिछाडीला चक्की, नि मधी भट्टीच्या वर त्याचं घर. मी इस्माईल, मारगरीटवरचा सुखाणी. सुकाणू धरायचो. आमी खलाशी लोक तिथनं येताजाता म्हनायचो, वहिनी, तिखट द्या." तो थोडा हसला. "तुमच्या तिखटाची लई तारीफ करायचा."

म्हणजे गल्लीत जशी बोट आखली होती, तशी काकांनी बोटीवर गल्ली आखली होती. काकूंना हे माहीत नव्हतं. त्यांनी पदर सावरला, चटई टाकली, म्हाताऱ्याला बसवलं. मला हाक मारली, "शोभे, आईले म्हण, चहा ठेव." मी चहा घेऊन आले तेव्हा माझ्यामागे आई आणि शाळेला निघालेले बाबाही आले होते. चक्की बंद झाली होती. दारादारांत माणसं उभी होती, पण पुढे कुणी येत नव्हतं.

म्हातारा चहा पीत होता. काकू त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. चहा संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठी हरवली जी माही सवत?"

"हरवली?" म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. बाबांनी त्याला मान हलवून खुणावलं, नको.

"भाऊ," काकू मागे न बघता म्हणाल्या, "मुंडी नोका हालवू. बोलू द्या त्याइले."

बाबांची मान तिथेच थांबली. म्हाताऱ्याने रुमालानं तोंड पुसलं. "बाय, ती हरवली न्हाय," तो म्हणाला.

"कुठी लागलं तिले?"

त्याने काठी उचलली आणि ओट्याच्या कडेला, उखळाच्या खाली टेकवली. "हितं."

काकूंचा पाय तिथेच होता. त्यांनी तो मागे घेतला.

"त्याइची पाळी होती?"

"व्हती. भर दुपारची पाळी. जथा म्होरं निघून गेल्याला, आमी एकटेच मागं. पानबुडीचा पानतीर कुनी येताना बघितलाच न्हाय."

"अन् तुम्ही?"

"मी नाळेवर. पहाऱ्याला." त्याने पिंपळाकडे बोट केलं. "थितं."

काकू उठल्या. ओट्यावरून खाली उतरून गल्लीत उभ्या राहिल्या आणि पाराकडे पाहू लागल्या. पारावर दोन पोरी सागरगोटे खेळत होत्या. त्यांची भांडणं शब्दन् शब्द ऐकू येत होती.

"एवढंसंच?" काकू म्हणाल्या.

"येवढंच, बाय."

"इथून हाक मारली त ऐकू येते."

म्हातारा काठीच्या मुठीकडे पाहत राहिला. "वाफ सुटली व्हती," तो म्हणाला. "वाफेपुढं काय आयकू येत न्हाय." ते खरं होतं की तोही आमच्या आजोबांसारखाच कुणाला तरी जपत होता, मला सांगता येणार नाही. त्याचे डोळे वाहत होते आणि ते मिरच्यांनी नव्हे, एवढं दिसत होतं.

"कितीक वेळ लागला तिले?"

"मी आता हा चहा घेतला ना, येवढा. माल जड व्हता. लाकूड असतं, कापूस असता, तर तरली असती घडीभर. चार मानसं तरी वर आली असती. पर त्या फेरीला काळा दगड भरला व्हता. दगड थांबत न्हाय, बाय."

"मँगनीज?"

"हां, त्येच. भरताना गनपतनं खडा हातात घेतलान नि म्हनाला, इस्माईल, पुन्ना सासरवाडीचा माल."

आईने माझा दंड घट्ट धरला. आम्हा सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. माहेरचा आहेर. मला वाटलं, आता काकू किंचाळतील, छाती बडवतील, काही तरी करतील. त्यांनी काहीच केलं नाही. तिथेच गल्लीत, बोटीच्या मधोमध, हात खाली सोडून त्या उभ्या राहिल्या. आणि आम्हीही उभेच राहिलो. एवढी माणसं होतो, पण कुणाच्या हातून काही होण्यासारखं नव्हतं.

म्हातारा उठला. म्हणाला, की इतकी वर्षं हिंमत झाली नाही, दर साली वाटायचं की जावं आणि दर साली टाळलं. या खेपेला दर्ग्याच्या दारी आलो आणि टाळता येईना. काकू भानावर आल्या. आत गेल्या, वर्तमानपत्राच्या कागदात तिखटाची मोठी पुडी बांधली आणि त्याच्या हातात दिली. "घ्या जी. तुम्ही सारे मांगत होते." त्याने पुडी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि आल्या वाटेनेच, पाराकडे, निघून गेला.

त्या दिवशी आई काकूंच्याच घरी राहिली. मीही गेले. आई रडत म्हणाली, "काकू, आम्हाले सांगता नाही आलं वं."

"मले माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं कागद वाचला तवाच. हरवली म्हनते अन् चष्मा पुसते. हरवल्याले कोनी चष्मा पुसते का? मले वाटे, आज सांगंन कोनी, उद्या सांगंन. पन तुम्ही साऱ्या गल्लीनं थो शब्द टाकून देल्ला. एकाच्याबी तोंडात येईना. मंग मी एकटीनं कसा उचलू वं?"

आई तोंडात पदर कोंबून बसली. आम्ही इतकी वर्षं त्यांना जपत होतो आणि त्या आमची वाट बघत होत्या, हे तेव्हा कळून उपयोग काय? चुकलो म्हणावं तर कुठे चुकलो, तेही हाताला लागत नव्हतं.

दिराला निरोप गेला. तो आला, या वेळी संत्र्यांशिवाय. घसा खाकरायच्या आत काकू म्हणाल्या, "चला भाऊजी. पानं तोडा." काटोलला पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला, सगळं यथासांग झालं म्हणे. काकू परत आल्या त्या मोकळ्या कपाळाने. कुंकवाची जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ राहिली होती आणि त्यांच्याकडे बघताना नजर नेमकी तिथेच जायची. आम्ही सगळे त्यांच्याशी बोलताना उखळाकडे पाहून बोलू लागलो. पोरांनी बोटीचा खेळ आपण होऊन बंद केला.

मी कॉलेजला जाणं सोडलंच होतं. सकाळी उठून काकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचं, देठ खुडायचे, त्या बोलत नसत तर आपणही बोलायचं नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आईही मला जा म्हणत नव्हती. असे बरेच दिवस गेले. एक दिवस काकूंनी नवीन मिरच्या आणल्या, उखळ पुसलं, मुसळ हातात घेतलं. गल्लीत एक शिंक ऐकू आली, मग दुसरी. पलीकडे चक्कीवाला दळण घालत होता, आई ओसरीत तांदूळ निवडत होती. काकूंनी चार घाव घातले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहून वं शोभे," त्या त्यांच्या नेहमीच्या, टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "कॉलेज काहून बुडवून राहिली?"

आईच्या हातातलं सूप थांबलं. चक्कीवाला बाहेर येऊन उभा राहिला. पाराशी कोणी तरी बोलत होतं, तेही थांबलं. शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

"जा," काकू म्हणाल्या. "बुडलं तेवढं बुडलं."

मी उठले. घरी येऊन वेणी घातली, वह्या घेतल्या आणि बोटीच्या तोंडापर्यंत मागे न बघता चालत गेले. मागे मुसळ चालूच होतं, आणि मिरच्यांनी गल्ली शिंकत होती.